नदीकाठी साधेपणाने राहू द्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



दिवाळी सरता सरता सह्याद्रीतल्या नद्या नितळ होतात. पावसाळ्यातला गाळ तळाशी बसतो, काठचं गवत पिवळं पडू लागतं आणि शुक्रवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईहून गाड्या घाटाकडे निघतात. भंडारदरा, पवना, मुळशी, कोलाड, तापोळा. ज्याला जे जवळ पडेल ते. त्या गाड्यांमधल्या पुष्कळांना एवढंच हवं असतं की झाडीत, पाण्याजवळ, तंबूत एक रात्र काढावी. ही इच्छा चांगली आहे. ती चांगल्या रीतीने पुरी होण्याची सोय मात्र आपल्या राज्यात जवळजवळ नाही. ती करणं बऱ्याच अंशी आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

आज अशा माणसापुढे दोनच वाटा आहेत. पहिली बाजारातल्या ‘कॅम्पिंग’ची. पवना जलाशयाच्या काठाने एखाद्या शनिवारी रात्री जाऊन पाहावं. दोरीला दोरी लागलेले तंबू, झाडांवर दिव्यांच्या माळा, स्पीकर, कोळशाच्या शेगड्या, आणि सकाळी पाण्याच्या कडेला प्लास्टिकचे पेले नि कागदी ताटल्या. तिथे आणलेल्या पोराला तारे दिसत नाहीत, रातवा पक्षी ऐकू येत नाही आणि दोनशे पावलांवर रान आहे हे त्याला घरी परतेपर्यंत कळत नाही. दुसरी वाट बंदीची. कुणी बुडालं, कुठे गर्दी आवरेनाशी झाली, की आदेश निघतो आणि नाक्यावर फलक लागतो. त्या फलकाने सगळ्यात आधी थांबतो तो पाठीवर सामान घेऊन आलेला, नियम पाळणारा भटक्या. गाणीबजावणीचा धंदा काही दिवस दबतो आणि पुन्हा सुरू होतो, कारण त्याच्यामागे पैसा असतो आणि ओळखी असतात.

या दोन्हींच्या मधली वाट मला मागायची आहे. डोंगरातल्या नद्यांच्या काठी मोजक्या, लहान आणि साध्या मुक्कामाच्या जागा आपल्या खात्याने ग्रामसभांबरोबर बसून ठरवाव्यात, आणि चालवाव्यात त्या त्या गावानेच.

मी प्रवरेच्या खोऱ्याचं उदाहरण घेतो, कारण ते खोरं मला बरंच माहीत आहे आणि या विषयातले सगळे गुंते तिथे एकाच ठिकाणी सापडतात. रतनगडाच्या अंगावर ही नदी जन्मते, रतनवाडीत अमृतेश्वराच्या जुन्या कोरीव देवळाच्या शेजारून वाहते आणि थोड्याच अंतरावर भंडारदऱ्याच्या जलाशयात शिरते. १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाचं हे पाणी. खाली अकोले, संगमनेरकडच्या शेतीला त्याचाच आधार, आणि शेवटी प्रवरासंगमला ते गोदावरीत मिळतं. जलाशयाच्या भोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं. आणि या अभयारण्यात माणसं राहतात. रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे ही महादेव कोळ्यांची गावं अभयारण्याच्या कितीतरी आधीपासूनची. भात, नाचणी, वरई ही त्यांची पिकं. पावसाळ्यात तिथे आभाळ फाटतं. उन्हाळ्यात त्याच वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन पाण्याला फिरतात.

या खोऱ्यात तंबू लावायचा तर जमीन कुणाची? वरचं रान वनखात्याचं. जलाशयाचं पाणी उतरतं तशी काठाची गाळपेर जमीन उघडी पडते, ती जलसंपदा विभागाची. त्याच्या वरचं वावर एखाद्या शेतकऱ्याचं. रस्ता आणि गावठाण पंचायतीच्या अखत्यारीत. एका काठाला चार मालक, आणि रात्री अकरा वाजता स्पीकर बंद करायला सांगायचं कुणी, तर कुणीच नाही. वनरक्षकाकडे भलंमोठं क्षेत्र असतं, सोबतीला फार तर एखादा वनमजूर. शेतकऱ्याने आपल्याच वावरात तंबू लावून चार पैसे मिळवले तर त्याला दोष देणं मला जमत नाही. भाताच्या एका पिकावर वर्ष निघत नाही. पण तंबू त्याचे नसतात, पाहुणेही त्याचे नसतात. शहरातला आयोजक गर्दी घेऊन येतो, जागेचं भाडं आणि जेवणाचे पैसे देतो, आणि कचरा ठेवून जातो.

मे महिन्याच्या अखेरीस हे सगळं टोकाला जातं. पहिल्या पावसाआधी पंधरा-वीस दिवस या खोऱ्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजव्यांचा प्रकाश खेळतो. एकेका झाडावरचे हजारो काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात. ते पाहायला माणसं यावीत हे साहजिक आहे. पण तो उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. मोटारींचे दिवे, विजेऱ्या, मोबाइलचे फ्लॅश यांच्या झगमगाटात ती साद मादीपर्यंत पोचत नाही. काजव्याच्या अळ्या झाडाखालच्या ओलसर पाचोळ्यात, मातीत राहतात, गोगलगायी खाऊन वाढतात. त्यांच्या अंगावरून हजारो पावलं आणि गाड्यांची चाकं जातात. म्हणजे पुढच्या वर्षीचा उजेड आपण या वर्षी तुडवतो. रस्त्यावर वाहनांची वेळ ठरवणं, रात्री प्रवेश थांबवणं असे उपाय आपल्या खात्याने केलेले आहेत आणि ते हवेतच. पण एका महिन्याची शिस्त बाकीच्या अकरा महिन्यांत दिसत नाही.

साधा मुक्काम म्हणजे मला काय म्हणायचं आहे, ते जरा सविस्तर सांगतो, कारण आदेशांच्या भाषेत ‘कॅम्पिंग’ या एकाच शब्दात सगळं कोंबलं जातं.

डिसेंबरमध्ये नदीकाठी राहायचं तर पहिली गोष्ट म्हणजे अगदी पाण्यालगत झोपायचं नाही. थंड हवा जड असते. सूर्य मावळला की ती उतारावरून खाली घसरते आणि नदीच्या पात्रात साठते. पाण्याला लागून लावलेला तंबू पहाटे आतून-बाहेरून दवाने चिंब होतो. पन्नास-साठ पावलं वर, एखाद्या झाडाच्या आडोशाला, थंडी निम्म्याने कमी वाटते. साम्रदच्या एका आजींनी मला हे फार सोप्या शब्दांत सांगितलं होतं: “पाण्याच्या अंगावर निजू नये लेकरा, ते आपलं नसतं.” त्यांचं कारण थंडीचं नव्हतं. रात्री पाण्यावर दुसऱ्यांचा हक्क असतो, भेकराचा, रानडुकराचा, बिबट्याचा, असं त्यांना म्हणायचं होतं. आणखी एक गोष्ट रानातली माणसं पाळतात. जिथे पाणी खडकावरून खळाळतं तिथे ती मुक्काम करत नाहीत, कारण त्या आवाजात बाकी काहीच ऐकू येत नाही. संथ डोहाच्या वरच्या अंगाला, आवाजापासून दूर राहिलं की पाचोळ्यावरचं पाऊलही कळतं.

मग अंधार होतो. शहरात वाढलेल्या मुलांना खरा अंधार बघायला मिळत नाही. पहिली पंधरा मिनिटं ती घाबरतात, विजेरी मागतात. थोड्या वेळाने डोळे सरावतात आणि विजेरी न लावता त्यांना वाट दिसू लागते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी अनेकदा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मला भरून आलं आहे. पूर्वेला मृग नक्षत्र वर चढतं, रात्र पुढे सरकते तसा दक्षिणेला डोंगराच्या माथ्यावर अगस्तीचा तारा दिसतो. रातव्याची टकटक सुरू होते. काठच्या झाडावरून मत्स्यघुबडाचा खोल घुमारा येतो. पहाटे, अजून उजाडायचं असताना, ओढ्याच्या घळीतून शीळकरी कस्तुराची लांब, वळणं घेत जाणारी शीळ ऐकू येते, आणि तंबूतलं एकेक पोर डोकं बाहेर काढतं. जेवण गावातून आलेलं असतं: तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. हातपाय धुवायचं पाणी बादलीने वर आणायचं, साबण नदीत न्यायचा नाही. स्पीकर नाही, दिव्यांची माळ नाही, शेकोटी असलीच तर गावाने ठरवून दिलेल्या एकाच जागी. दहा तंबू म्हणजे पुष्कळ झाले.

यासाठी ना गुंतवणूक लागते, ना बांधकाम. लागते ती थोडी जागा आणि थोडी शिस्त.

साबणाचं आणि पाण्याचं एवढं का बोलतो, ते सांगतो. सह्याद्रीतली नदी हिमालयातल्या नदीसारखी बर्फावर पोसलेली नसते. पाऊस थांबला की तिचा ओघ आटत जातो. फेब्रुवारीपर्यंत वरच्या अंगाच्या बहुतेक ओढ्यांत वाहतं पाणी उरत नाही. उरतात ते डोह, एकमेकांपासून तुटलेले. जांभळाच्या नि करंजाच्या सावलीतले हे डोह म्हणजे पुढचे चार महिने सगळ्या रानाचा आधार. मासे त्यात अडकून पावसाची वाट बघत असतात. बेडूक, खेकडे, पाणसाप तिथेच. कोयनेच्या बाजूला गवे, सांबरं, अस्वलं रात्री तिथे उतरतात. अशा डोहात एका मुक्कामाची भांडी घासली तर तो साबण वाहून जायला प्रवाहच नसतो. आणि ज्या वेळी जनावर पाण्यावर येतं, संध्याकाळी नि रात्री, नेमक्या त्याच वेळी आपण तिथे बसलेले असतो. तहानलेलं सांबर माणसांचा आवाज ऐकून मागे फिरलं, तर दुसरं पाणी त्याला कुठे मिळणार? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नदीकाठचा मुक्काम दिवाळीनंतर सुरू व्हावा आणि फेब्रुवारीच्या मध्याला संपावा. उन्हाळ्यात डोह रानाला सोडून द्यावेत. आपल्या खात्याचा वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारीपासूनच धरला जातो, जाळरेषा त्याआधी काढल्या जातात. तीच तारीख मुक्कामालाही लावली तर लोकांना लक्षात ठेवायला सोपी जाईल.

शेकोटीबद्दल मला माहीत आहे, भटक्यांमध्येच दोन मतं आहेत. माझं मत कालांतराने कडक होत गेलं आहे. काठावर पडलेलं वाळकं लाकूड आपल्याला टाकाऊ वाटतं, पण त्यात वाळवी, भुंगेरे, बुरशी, सरडे यांचं घर असतं, आणि पुराच्या वेळी तेच लाकूड काठाची माती धरून ठेवतं. दहा तंबूंच्या दहा शेकोट्या आठवडाभर पेटल्या तर काठ झाडून काढल्यासारखा उघडा पडतो. नदीतले गोटे चुलीला लावायची तर फारच वाईट सवय. आत मुरलेलं पाणी तापलं की गोटा फुटतो आणि कपच्या उडतात. एकच चूल, गावाची, गावाने आणलेल्या लाकडाची. तिच्याभोवती सगळ्यांनी बसावं. तसं बसलं की अनोळखी माणसं बोलू लागतात, हा एक फायदाही आहे.

कायद्यात काही कमी आहे, असं मला वाटत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात कचरा टाकायला आणि धोका होईल अशी आग लावायला मनाई आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत. उणीव आहे ती रात्री काठावर उभ्या राहणाऱ्या माणसाची, ज्याचं येणारे ऐकतील आणि ज्याला त्या जागेची काळजी घेण्याचं काही कारण असेल. तो माणूस वनखातं पगारावर नेमून पुरवू शकणार नाही. तो गावातच आहे.

गावाने राखलेली जागा राखली जाते, याचे दाखले आपल्याकडे जुने आहेत. रायगडाच्या बाजूला काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथल्या माशांना कुणी हात लावत नाही. खालच्या-वरच्या नद्यांत महाशीर दुर्मीळ होत गेला तरी या डोहात तो राहिला, फलक नसताना आणि पहारेकरी नसताना. देवरायांची गोष्टही तीच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया हिंडून नोंदवल्या तेव्हा, भोवतीचं रान उघडं पडलेलं असताना गावाने राखलेलं एवढंसं जंगल किती समृद्ध राहू शकतं, हे अभ्यासकांपुढे आलं. अलीकडचा दाखला हवा असेल तर तो आपल्या खात्याच्याच कामाचा आहे. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यात कासचं पठार आलं, आणि फुलांच्या दिवसांत तिथे लोटणाऱ्या गर्दीने पठारच चिरडलं जायची वेळ आली. तिथे आसपासच्या गावांची समिती आणि वनविभाग यांनी मिळून रोजच्या माणसांवर मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी आणली, शुल्क लावलं, गावातल्या तरुण-तरुणींना वाटाड्या म्हणून उभं केलं. तिथलं सगळंच निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. गर्दीचा ताण अजून आहे. पण बंदी आणि मोकाट बाजार यांच्या मधली वाट सरकारला काढता येते, हे कासने दाखवून दिलं आहे. जे दिवसा फुलांसाठी जमलं, ते रात्री नदीसाठी का जमू नये?

काही ठिकाणी मात्र बंदीच हवी, आणि तिथे मी आपल्या बाजूने उभा आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यानंतर तिथल्या वासोटा किल्ल्यावरचा रात्रीचा मुक्काम बंद करण्यात आला. बामणोलीहून लाँचने जायचं, गड पाहायचा आणि संध्याकाळच्या आत परतायचं. जुने भटके अजून हळहळतात, कारण वासोट्याच्या पायथ्याची रात्र काय होती हे त्यांना ठाऊक आहे. तरी तो निर्णय बरोबर होता. वाघाच्या गाभा क्षेत्रात माणसाने रात्री असू नये. देवराईत, डोहाच्या अगदी काठावर, काजव्यांच्या झाडांखाली, आणि धरणाच्या किंवा वीजकेंद्राच्या खालच्या पात्रात मुक्काम कधीच नको. या शेवटच्या गोष्टीकडे फार कमी लक्ष जातं. कोलाडला कुंडलिकेतून राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर. मुळशीचं पाणी घाट उतरून तिथे येतं, वीज करतं आणि नदीत पडतं. पाणी सोडण्याआधी पात्रातले खडक कोरडे आणि निजायला छान दिसतात. ज्याला वेळापत्रक माहीत नाही त्याला तिथे तंबू लावायचा मोह होतो. पावसाळ्याचं तर सांगायलाच नको. २०२४ च्या जून महिन्याच्या अखेरीस लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एका कुटुंबातली माणसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. डोंगरात वर पाऊस झाला की खाली पाणी कसं येतं, हे ज्याला कुणी शिकवलं नाही त्याच्यावर केवळ फलक लावून जबाबदारी टाकता येत नाही. सुरक्षित जागा कुठली, हे सांगणारं कुणीतरी हवं. आज कुठे जायचं नाही एवढंच सांगितलं जातं, कुठे जा हे कुणी सांगत नाही. मग माणूस जिथे गाडी पोचते तिथे उतरतो.

मागणी प्रत्यक्षात कशी उतरेल, यावर गावोगावच्या माणसांशी बोलून जे सुचलं ते मांडतो. जागा ग्रामसभेने सुचवाव्यात, कारण कुठला डोह जनावरांचा, कुठल्या वाटेने रात्री रानडुकरं उतरतात, कुठे पुराचं पाणी चढतं हे तिला माहीत असतं. त्या जागा योग्य आहेत की नाही ते खात्याने पाहावं. पाण्यापासून किमान ६०-७० मीटर अंतर. दर जागी तंबूंची संख्या ठरलेली, आणि ती लहान. शौचासाठी कोरडे खड्डे, नदीपासून लांब, मुक्काम उठला की मातीने बुजवलेले. एखादी जागा दोन हंगाम वापरली की एक हंगाम तिला विसावा, म्हणजे दबलेली माती आणि गवत पुन्हा उठेल. प्रवेशशुल्क गावातच राहावं. यात सरकारला वाटा मिळाला नाही तरी चालेल, असं मला अगदी ठामपणे वाटतं. ज्या दिवशी हा महसुलाचा विषय होईल, त्या दिवशी दहाचे पन्नास तंबू होतील. ठेका बाहेरच्या कंपनीला देऊ नये. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जिथे सामूहिक हक्क मिळाले आहेत तिथे हा अधिकार ग्रामसभेकडे आपसूक जावा. बाकी ठिकाणी संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच नुसत्या कागदावर आहेत, त्यांना हे काम द्यावं.

गावाने नेमलेल्या राखणदारांना प्रशिक्षण द्यावं. पाण्यातून माणूस कसा काढायचा, सर्पदंश झाला तर काय करायचं आणि काय करायचं नाही, प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं आणि रात्री तिथे गाडी कोण नेणार. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दंश जाणवतही नाही. नुसत्या सतरंजीवर झोपणाऱ्यापेक्षा चेन लावून बंद केलेल्या तंबूतला माणूस खूप सुरक्षित असतो. ही साधी माहितीसुद्धा आज कुणी कुणाला देत नाही.

आणि शाळा. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावर. सहली निघतात त्या वॉटरपार्कला आणि कारखान्यांना. महाराष्ट्रातल्या मुलाने दहावीपर्यंत एक रात्र नदीकाठी, झाडीत, गावच्या माणसांच्या सोबतीने काढावी, एवढी व्यवस्था झाली तर तिचा परिणाम पुढच्या पिढीत दिसेल. पर्यावरण हा विषय मुलं पुस्तकातून शिकतात, त्यावर गुण मिळवतात. पण ज्या मुलीने प्रवरेच्या काठी रात्रभर घुबड ऐकलं आहे, ती मोठी होऊन अभियंता झाली, अधिकारी झाली, तर त्या खोऱ्यातून रस्ता नेण्याचा कागद समोर येईल तेव्हा क्षणभर तरी थांबेल. आपल्याच खात्यात नोकरी केलेल्या मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या रात्रींतून आणि आदिवासींच्या बोलण्यातून जे टिपलं, त्याने मराठी वाचकांच्या कितीतरी पिढ्यांना जंगल दाखवलं. ते रानात राहिले नसते, तर ते लिहू शकले नसते. अशी नजर आणखी कुणा मुलात असेल, आणि त्या मुलाला रानातली पहिली रात्र मिळायला हवी.

यावर एक आक्षेप मला वारंवार ऐकवला जातो: एकदा दार उघडलं की गर्दी आवरणार नाही. ही भीती खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण दार आज बंद नाही. गाळपेरीवर, वावरात, रस्त्याच्या कडेला, धरणाच्या भिंतीखाली ते सताड उघडं आहे, फक्त त्याच्यावर कुणाचं लक्ष नाही. मोजक्या जागा नीट चालल्या, लोकांना त्या ठाऊक झाल्या, नोंदणी केल्याशिवाय तिथे राहता येत नाही हे रुळलं, की बाकीच्या ठिकाणी कारवाई करणं खात्याला सोपं जाईल. नियम मोडणाऱ्याला तेव्हा ‘दुसरी सोय कुठे आहे’ असं विचारता येणार नाही.

संपूर्ण राज्यासाठी एकदम आदेश काढावा, असं माझं म्हणणं नाही. दोन खोऱ्यांत करून पाहावं. एक प्रवरेचं, रतनवाडी-साम्रदकडचं. दुसरं कोयनेच्या वरच्या अंगाचं, तापोळ्याजवळ, जिथे सोळशी नदी येऊन मिळते. व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र पूर्णपणे सोडून. तापोळ्याकडच्या कित्येक कुटुंबांची शेती कोयना धरणाने पाण्याखाली नेली आणि उरलेल्यांची तरुण मुलं मुंबईला कामाला गेली. त्यांच्यातल्या काहींना हिवाळ्याचे महिने गावात राहून पोट भरता आलं, तर त्या खोऱ्याला राखणारी माणसंही मिळतील.

१ मेला राज्यभर ग्रामसभा भरतात. त्याआधी आपल्या खात्याने या दोन खोऱ्यांतल्या गावांना एक साधं पत्र पाठवावं: तुमच्या नदीकाठी मुक्कामाच्या जागा कुठे असाव्यात, कुठे असू नयेत, आणि तुम्ही त्या चालवाल का? गावांनी उत्तर दिलं तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत जागा पाहून, राखणदार शिकवून, दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी काम सुरू करता येईल. वनरक्षकांबरोबर त्या जागा हिंडून पाहायला, गावकऱ्यांशी बसून नियम लिहायला आणि पहिल्या हंगामात राखणदारांच्या सोबत रात्री काठावर थांबायला मी आणि माझ्यासारखे अनेक भटके विनामोबदला तयार आहोत. आपण वेळ दिलीत तर गावांतल्या मंडळींना घेऊन मंत्रालयात भेटायला येऊ.

आपला नम्र,
सह्याद्रीत हिंडणारा एक नागरिक